चौथ्या कुंडीचं पाणी

आंगथोंग
२० जून, बुद्धसंवत् २५६५

खाम्पुनदादा,

अक्षर ओळखलंस का? इतक्या वर्षांनी पत्र, आणि तेही रोपांची चौकशी करायला, म्हणजे तुझी बहीण किती निलाजरी आहे ते तूच ठरव. तुझा पत्ता इथल्या विहारातल्या थोरल्या भन्तेंनी दिला. ते आपल्याच गावचे. तू डोंगरावर एकटा राहतोस, टोमॅटो-तंबाखू करतोस आणि तिथे फोन लागत नाही, एवढं त्यांच्याकडून कळलं.

सरळ मुद्द्यावर येते. माझे यजमान विरोत फेब्रुवारीपासून आजारी आहेत. पोटाचा कर्करोग. औषधाची फेरी झाली की अन्नावरची वासनाच उडते. वाटीभर पेज घेऊन मी तासभर बसते आणि वाटी तशीच परत नेते. त्यांना एकच ध्यास आहे. त्यांची आई कोंबडीच्या पातळ रश्शात गांज्याची दोन कोवळी पानं घालायची, तो रस्सा मिळाला तर जेवीन म्हणतात. डॉक्टरांना विचारलं. एक-दोन पानांना हरकत नाही म्हणाले. बाजारातल्या पानांवर कुणी काय फवारलंय कुणास ठाऊक, म्हणून घरी गांजा लावायची मुभा देणारा नवा कायदा आल्याबरोबर मी रीतसर नोंदणी केली आणि चार कुंड्या लावल्या. रोपं शेजारच्या दुकानदाराने दिली, वीतभर उंचीची.

चौतीस वर्षं गणित शिकवलं, माती कधी चिवडली नाही. दहा दिवसांतच रोपं माना टाकून बसली आहेत. खालची पानं पिवळी, वाढ जागच्या जागी. शेजारीण म्हणाली आंबवलेल्या मासळीचं पाणी घाल, ते घातलं. तांदळाचं धुवण घातलं. कशाने काही होईना. या विषयात तुझ्याएवढं कळणारं माणूस मला माहीत नाही. सोबत रोज पानं मोजून केलेला तक्ता जोडला आहे.

उत्तर घरी पाठवू नकोस, विहाराच्या पत्त्यावर पाठव. आमच्या गल्लीत कुत्री फार आहेत, पोस्टमन फिरकत नाही.

बुआलाय


फु फानचा डोंगर
२८ जून

नोय,

अक्षर कसं नाही ओळखणार? ते अजून फळ्यावरच आहे, नुसतं कागदावर उतरलंय. आणि ‘बुआलाय’ म्हणून सही कुणाला करतेस? तू बारशाच्या आधीपासून माझ्यासाठी नोयच.

पत्र तीनदा वाचलं. जन्मात पहिल्यांदा एका सरकारी माणसाने मला गांज्याबद्दल विचारलं आणि उत्तराआधी बेड्या काढल्या नाहीत. जग फार पुढे गेलं म्हणायचं. विरोतरावांचं वाचून वाईट वाटलं. आपण त्यांना जेवायला घालू, तू काळजी करू नकोस.

आधी ते मासळीचं पाणी बंद कर. त्यात मीठ असतं. शेजारणीला म्हणावं, ते पपईच्या कोशिंबिरीत घाल, कुंडीत नको. धुवणही बंद. लहान रोपाला खायला घालायची घाई करू नये, त्याला आधी पाय रोवू द्यावेत.

तुझा तक्ता सुंदर आहे. मी असा तक्ता जन्मात पाहिला नव्हता, भिंतीला लावून ठेवलाय. पण त्यात पानांची संख्या आहे, पानांचा चेहरा नाही. आता मी सांगतो तसं बघ. तहानलेलं पान कागदासारखं लोंबतं, हाताला हलकं लागतं. पाण्यात बुडालेलं पानही लोंबतं, पण ते जड असतं, भरलेलं असतं आणि देठापासून आत वळतं. तुझं कुठलं? मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाल आणि काय लागतं ते लिही. पाणी किती, कधी देतेस, कुंड्या कुठे ठेवल्यास, तेही लिही. मातीवर बारीक काळ्या माश्या उडतात का?

खाम्पुन


आंगथोंग
४ जुलै

दादा,

तू सांगितलंस तशी सकाळी कुंड्यांपुढे पाटावर बसले आणि अर्धा तास नुसती पाहत राहिले. पान जड आहे. देठापासून आत वळलंय. आणि माश्या आहेत रे. मी त्यांना चिलटं समजत होते. तू सहाशे किलोमीटरवर बसून त्या माश्या कशा पाहिल्यास?

दुसऱ्या पेरापर्यंत माती ओली लागते. पण पाणी मी जास्त देत नाही. दर तिसऱ्या दिवशी प्रत्येक कुंडीला एक मग, मोजून. सोबतच्या नव्या तक्त्यात पाण्याचा रकाना आखला आहे. पावसाचंही नाही, कारण कुंड्या पत्र्याखाली आहेत. पावसात चिखल होतो म्हणून गेल्या वर्षी सगळं अंगण सिमेंटचं करून घेतलं, दारातलं आवळ्याचं झाड त्यातच गेलं. आता आमच्या आवारात माती आहे ती या चार कुंड्यांत तेवढीच. चौघांत चौथीची तब्येत सगळ्यात वाईट आहे.

एक सांगू? माझ्या वर्गातली चाळीस मुलं दर वर्षी बदलायची. त्यांचे गुण मला पाठ असायचे. पण तू पानाकडे बघतोस तसं मी एकाही मुलाकडे बघितलं नाही. कालपासून ते सारखं मनात येतंय.

काल मी एक हिरवं पान खुडून यजमानांच्या नाकाशी धरलं. डोळे मिटून म्हणाले, आईचं स्वयंपाकघर. खाल्लं मात्र काही नाही.

नोय


फु फानचा डोंगर
१० जुलै

नोय,

रोपं बुडताहेत. बाकी रोग नाही. कुंडीची माती तळ्यातली असणार, काळी आणि चिकट. ती एकदा पाणी प्यायली की सोडत नाही, आपल्या बाबांसारखी. भाताचं तूस जाळून त्याचा कोळसा निम्म्याला निम्मा मिसळ आणि रोपं पुन्हा लाव. बुडाला बोटभर रुंदीची सहा भोकं पाड. कुंड्या विटांवर ठेव, खालून वारा खेळला पाहिजे. मग पाच दिवस थेंबभर पाणी देऊ नकोस. दया येईल, तरी देऊ नकोस. पाण्यासाठी मुळांनी थोडी वणवण करायला हवी, तशीच ती वाढतात.

बघायला कुठे शिकलो म्हणशील तर तुरुंगात. डोंगरात शेकड्याने झाडं लावायचो तेव्हा एकाकडेही नीट पाहिलं नव्हतं. आत गेल्यावर जेवणातलं मिरचीचं एक बी सांडलं, ते दुधाच्या डब्यात लावलं. सहा वर्षांत तेवढं एकच झाड. दुसरं बघायला काही नव्हतंच, मग त्याचं प्रत्येक पान पाठ झालं. शेवटच्या वर्षी तुरुंगाचा साहेब आपल्या घरची गुलाबं मला दाखवायला आणायचा. त्या मिरचीचं बी अजून लावतो. तू येशील तेव्हा देईन.

खाम्पुन


आंगथोंग
२९ जुलै

दादा,

तू लिहिलंस ते सगळं केलं. तूस शेजारच्या गिरणीतून आणलं आणि अंगणात जाळलं. माझे हात कोपरापर्यंत काळे झालेले बघून यजमान कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, बाई, तुम्हाला शाळेत कुणी ओळखणार नाही. सतरा तारखेला रोपं लावली. चार दिवस अशी ताठ उभी राहिली की मी शेजारणीला बोलावून दाखवली. हे माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी शिकवलं, असं तिला सांगितलं.

आणि मग पुन्हा माना टाकल्या. या खेपेला आधीपेक्षा वाईट. पाचच्या जागी सात दिवस पाणी दिलं नाही, शप्पथ. तरी बोट घातलं की माती ओली. चौथ्या कुंडीला तर आंबूस वास येतो. मी काय चुकते आहे?

परवा यजमान तोल जाऊन पडले. सहा किलो वजन उतरलंय. डॉक्टर म्हणतात अन्न गेलं नाही तर पुढची फेरी देता येणार नाही. म्हणून वर्षावास सुरू झाल्यापासून मी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पूजेचा नेम धरला आहे. रोपं आणि माणूस दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर वाळत चाललेत, आणि मला एकाचंही कोडं सुटत नाही. तू सांगशील ते करते, तूच सांग.

नोय


फु फानचा डोंगर
६ ऑगस्ट

नोय,

तीन दिवस तुझा तक्ता समोर घेऊन बसलो. एकाच आईची चार रोपं, तीच माती, तीच सावली, तोच मग. तरी चौथीलाच सगळ्यात जास्त त्रास. याचा अर्थ चौथ्या कुंडीचं काहीतरी वेगळं चाललंय.

झाड खोटं बोलत नाही. चाळीस वर्षांत माझ्याशी एकही बोललं नाही. माणसं बोलतात. तेव्हा सरळच विचारतो, तू माझ्यापासून काय लपवते आहेस? भीतीने म्हण, लाजेने म्हण, मी रागावणार नाही. पण आता लिही. तू लपवत राहिलीस तर ते मरेल.

खाम्पुन


आंगथोंग
१२ ऑगस्ट

दादा,

भन्तेंनी सांगितलं ना तुला? नाहीतर तू नेमकं चौथ्या कुंडीचं नाव कसं घेतलंस? पत्र विहाराच्या पायरीवरच उघडलं आणि तिथेच बसले.

लिहिते. सगळं लिहिते.

माझं लग्न ठरलं तेव्हा तुला आत जाऊन दोन वर्षं झाली होती. आई-बाबा तोवर नव्हतेच. सासूबाई बघायला आल्या. साखर घातलेली चिंच पुढे केली, तेव्हा त्यांनी विचारलं, “भाऊ काय करतो तुझा?” मी म्हटलं, “तो गेला.” कुठे गेला ते सांगायला तोंड उघडलं होतं, दादा, देवाशप्पथ उघडलं होतं. तेवढ्यात त्यांनी हात जोडले, डोळे पुसले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. “इतक्या लहान वयात,” म्हणाल्या. आणि मी गप्प राहिले. मला शाळेतली नवी नोकरी टिकवायची होती, ते घर हवं होतं. गांजावाल्याची बहीण मला व्हायचं नव्हतं.

लग्नानंतर पहिल्याच सकाळी भिक्षू दारावरून गेले. त्यांना अन्न वाढून झाल्यावर सासूबाईंनी दानाचं पुण्य गेलेल्यांना पोचवायला पाणी ओततात ती पितळी झारी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, “गेलेल्या भावाच्या नावाने तू ओतायचं. त्याला दुसरं कोण आहे?” तेव्हापासून तेहतीस वर्षं मी रोज सकाळी तुझ्या नावाने पाणी ओतते आहे. आधी आवळ्याच्या मुळाशी ओतायचे. आवळा गेल्यावर विहारातल्या बोधिवृक्षाशी. यजमान आजारी पडल्यावर घर सोडता येईना. पुण्याचं पाणी सिमेंटवर कसं टाकायचं? ते भूमीला मिळायला हवं. मग कुंड्या आल्या. पहिली आई-बाबांची, दुसरी सासू-सासऱ्यांची, तिसरी यजमानांचं मागच्या जन्मीचं ज्यांच्याशी वैर असेल त्यांची.

चौथी तुझी. तिथे मी तीनदा ओतते. एकदा तुझ्यासाठी आणि दोनदा माफी मागायला, कारण एकदा मागून मला कधी पुरली नाही. वर्षावास लागल्यापासून सकाळ-संध्याकाळ.

यजमानांना अजून माहीत नाही. म्हणून पत्रं विहारात मागवली. आमच्या गल्लीत एकही कुत्रं नाही.

तुरुंगात मी एकदाच आले होते, लग्नाआधी. तू विचारलंस पुन्हा कधी येशील, आणि मी म्हटलं लवकरच. आता तू लिहू नकोस म्हणालास तरी माझी तक्रार नाही. फक्त रोपांचं काय करायचं तेवढं भन्तेंकडे कळव. त्यात यजमानांचा दोष नाही.

नोय


फु फानचा डोंगर
१९ ऑगस्ट

नोय,

मी पाण्याबद्दल विचारत होतो.

मला वाटलं, तुला दया येते आणि तू चोरून एखादा मग जास्तीचा घालतेस. नवीन माणूस नेहमी तेच करतं. भन्ते मला काही बोलले नाहीत. तुझा तक्ता पुन्हा काढून बघितला. ‘पाणी’ असा रकाना आहे, आखीव-रेखीव, आणि त्यात हे पाणी एकदाही नाही. कसं असेल? तुझ्या लेखी ते पाणी नव्हतंच.

पत्र वाचून बाहेर दगडावर जाऊन बसलो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पहिली दोन वर्षं दर भेटीच्या दिवशी मी दाढी करून बसायचो. मग सोडून दिलं. बस लांबची, नोकरी नवी, असं मीच मला सांगायचो. तू मला मारून टाकलं असशील हे डोक्यात आलं नव्हतं. दोन दिवस टोमॅटोला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी दुसरंच काहीतरी आठवायला लागलं. आत असताना बराकीत पटकीची साथ आली. शेजारची चार माणसं गेली, मला साधी ढेकरही आली नाही. बाहेर आल्यावर दोनदा साप चावला. टोमॅटोचा ट्रक उलटला, मी टपावर होतो, उठून चालत घरी आलो. गावात म्हणतात खाम्पुनचा पत्ता यमाला सापडत नाही. मला स्वतःला नवल वाटायचं की इतकं दारिद्र्य, इतका डोंगर, आणि हा माणूस असा धडधाकट कसा? तेहतीस वर्षं रोज सकाळी माझ्या नावाने कुणीतरी हात जोडत होतं, हे मला कुठे ठाऊक होतं? जिवंत माणसांच्या बहिणी त्यांच्यासाठी इतकं करत नाहीत, नोय. मी गावात चौकशी केली.

आता नीट ऐक. चारही रोपं कुंडीतून उपट. मुळं बघ. पांढरी असतील ती ठेव, तपकिरी आणि मऊ असतील ती कात्रीने काप. कोरड्या मातीत, नव्याने तूस घालून लाव. पहिल्या तिघींना आठवडाभर पाणी नाही. चौथीला दहा दिवस नाही. नेम मोडू नकोस, मोडायचं कारणच नाही. फक्त ते पाणी वाडग्यात साठव आणि भन्तेंचा कुणी माणूस येईल त्याच्या हाती बोधिवृक्षाला पाठव. त्या झाडाला कितीही चालतं, त्याची मुळं म्हातारी आहेत.

माझ्या नावाची माफी मात्र आता मागू नकोस. पोचली. कधीचीच पोचली होती, तू ओतायची थांबली नाहीस एवढंच. पुरे झालं, मुळांना श्वास घेऊ दे.

तुझा गेलेला भाऊ,
खाम्पुन


आंगथोंग
१४ सप्टेंबर

दादा,

दुसरी कुंडी गेली. खरोखरची गेली, या वेळी शब्दाचा घोळ नाही. तिची मुळं कुजून चिखल झाली होती. सासूबाई रागावल्या असाव्यात.

बाकी तिघी उभ्या आहेत. चौथीची मुळं निम्म्याहून जास्त कापून काढावी लागली. दहा दिवस मी तिच्याकडे बघत होते आणि ती माझ्याकडे. अकराव्या दिवशी शेंड्याला दोन पानं आली, वर बघणारी. आता ती तिघींत सगळ्यात उंच आहे. तू काय माणूस आहेस रे! न बघता, न शिवता, नुसत्या शब्दांनी तू ते झाड उभं केलंस. आणि मलाही.

यजमानांना सांगितलं. तुझी सगळी पत्रं त्यांच्या मांडीवर ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. दोन दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. मला वाटलं, संपलं. तिसऱ्या दिवशी सकाळी हाक मारली. म्हणाले, “तेहतीस वर्षं मी दर पितृपूजेला त्याच्या नावाने केळ्यांचा घड वाहिला. त्याला म्हणावं, तेहतीस घड परत आण.” आणि मग रडले. म्हणाले, आईला खरं सांगितलं असतंस तर ती म्हातारी डबा घेऊन स्वतः तुरुंगात गेली असती. 

त्याच दिवशी रस्सा केला. चौथ्या कुंडीची दोन पानं, आल्यासारखं गलांगल, गवती चहा, गावठी कोंबडी. अर्धी वाटी गेली. दुसऱ्या दिवशी एक वाटी. काल त्यांनी आणखी भात मागितला आणि मी डाव हातात घेऊन वेड्यासारखी हसत उभी राहिले. डॉक्टर पुढची फेरी पुढच्या सोमवारी देणार आहेत. ती पेलेल की नाही कुणी सांगत नाही. ते म्हणतात, मला बसता येतंय तोवर त्याला बोलाव.

पाकिटावर मागे घराचा पत्ता घातला आहे. यापुढे तिथेच लिही.

नोय


फु फानचा डोंगर
२१ सप्टेंबर

नोय,

हे पत्र घरी पोचलं तर विरोतरावांना वाचून दाखव. केळी तेहतीस घड आणता येणार नाहीत, बसवाला चढू देणार नाही. चार आणतो. बाकीची बसून बोलून मिटवू. मिरचीचं बीही आणतोय, दुसरी कुंडी रिकामी आहे तिथे लावू.

पुढच्या शुक्रवारी निघतो, शनिवारी सकाळी भिक्षूंच्या फेरीच्या वेळेला पोचेन. तू अन्न वाढायला दारात उभी असशील. घर मला माहीत नाही, पण तुला शोधायला अडचण पडू नये, अक्षरासारखीच ताठ उभी राहत असशील.

त्या दिवशी झारी भर, नेहमीसारखी. आई-बाबांचं ओत, सासू-सासऱ्यांचं ओत, सगळ्यांचं ओत. माझ्या वाटचं मात्र ओतू नकोस. पेल्यात काढून ठेव. रात्रभराचा प्रवास करून आलेला असेन, तहान लागलेली असेल. या खेपेला मीच पितो.

खाम्पुन